कुर्ल्यातील डिझेल गॅरेज: हवेच्या सेन्सरचा दोष शोधण्याच्या सेवेविषयी

भांडुपला आमचे लहानसे केटरिंग आहे आणि स्वयंपाक झाल्यावर पातेली, ताटे व वाढपी कार्यस्थळी पोहोचवण्यासाठी २०१६ सालची एक डिझेल व्हॅन आहे. गेल्या वर्षभरात या व्हॅनच्या हवेच्या सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) तक्रारीसाठी मी दोन गॅरेजांत गेलो. पहिल्या ठिकाणी सेन्सर बदलला गेला, पैसे गेले आणि तक्रार परत आली. दुसरे गॅरेज कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गापासून आत गेलेल्या एका गल्लीत आहे. तिथे साडेतीन तास तपासणी झाली, एकही सेन्सर विकत घ्यावा लागला नाही आणि व्हॅन आज पाच महिने व्यवस्थित चालते आहे. हे परीक्षण त्या दुसऱ्या गॅरेजच्या सेवेचे आहे. ज्यांच्या डिझेल गाडीवर पी-०१०१ हा, हवेच्या सेन्सरचा आकडा अपेक्षेशी जुळत नाही असे सांगणारा कोड वारंवार येतो, त्यांना तपासणी कशी व्हायला हवी हे कळावे, म्हणून मी ती तपशिलाने लिहितो आहे.

तक्रार अशी होती. भरलेली गाडी घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढाला लागली की तिसऱ्या गिअरमध्येही ओढत नसे, मागून धूर येई आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागे. एकदा मीरा रोडच्या एका साखरपुड्याला चारशे पाने घेऊन निघालो होतो. त्या चढावर गाडी इतकी मंदावली, की मागच्या ट्रकला आम्हाला ओलांडून जावे लागले. जेवण पाऊण तास उशिरा पोहोचले. मुलीच्या वडिलांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, पण ती लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून कोड वाचला. मग त्याने हवेच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढला आणि गाडी तशीच चालवून पाहायला सांगितली. गाडी पहिल्यापेक्षा बरी ओढू लागली. त्यावरून सेन्सर गेला असा निष्कर्ष काढून त्याने ५,८०० रुपयांचा नवा सेन्सर बसवला. सहा आठवडे दिवा लागला नाही, नंतर तोच कोड पुन्हा आला. आता कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) बदलावे लागेल असे सांगितले गेले, तेव्हा मी गाडी तिथून काढली. जुना सेन्सर टाकून न देता एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवण्याची बुद्धी आमच्या ड्रायव्हरला झाली होती. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

कुर्ल्याच्या गॅरेजचे मालक पन्नाशीचे आहेत आणि तिथली मुले त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी मला पंधरा मिनिटे प्रश्न विचारले. दिवा चढावरच लागतो की सपाट रस्त्यावरही, धूर काळा की पांढरा, गाडी थंड असताना ओढते का, एअर फिल्टर कधी बदलला, तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर तर बसवलेला नाही ना, आणि कपलर काढल्यावर गाडी बरी चालली तेव्हा मागून धूर कसा येत होता. हा शेवटचा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. धूर पहिल्यापेक्षा जास्त काळा येत होता, हे मी आठवून सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून ठेवले आणि म्हणाले, "साहेब, सेन्सर काढल्यावर गाडी ओढते म्हणजे सेन्सर खराब, असं काही नसतं. कदाचित तो खरंच सांगत असेल की हवा कमी येतेय."

या एका वाक्यात त्यांच्या सगळ्या कामाची दिशा होती, म्हणून त्याचा अर्थ थोडा उलगडून सांगतो. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा मोजून त्या मापाने इंधन सोडले जाते, तर डिझेल इंजिनात चालक अ‍ॅक्सिलरेटर किती दाबतो यावर इंधनाची मागणी ठरते आणि हवेचा सेन्सर मुख्यतः दोन कामांसाठी असतो. पहिले काम ईजीआर व्हॉल्व्हवर लक्ष ठेवण्याचे. हा व्हॉल्व्ह जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत सोडतो, त्यामुळे जितका धूर आत येईल तितकी बाहेरची ताजी हवा कमी होते आणि सेन्सरचा आकडा खाली येतो. दुसरे काम धुरावर मर्यादा ठेवण्याचे. हवा कमी आहे असे दिसले, की कंट्रोल युनिट इंधन कमी करते, कारण तेवढ्या हवेत जास्त डिझेल पुरते जळणार नाही. आता सेन्सरचा कपलर काढला, तर कंट्रोल युनिटला हवा दिसतच नाही. ते ठरलेला अंदाजी आकडा धरते, इंधनावरचा लगाम सैल होतो, गाडी ओढू लागते आणि अर्धवट जळलेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय कपलर निघाल्यावर कंट्रोल युनिट बहुधा ईजीआर बंद ठेवण्याचाही आदेश देते, म्हणजे दोष ईजीआरच्या नियंत्रणात असला तरी या चाचणीत गाडी सुधारल्यासारखी वाटते. सेन्सर खरोखर बिघडला असला तरीही हेच घडते. अशा वेगवेगळ्या कारणांनी एकच परिणाम दिसत असेल, तर त्या चाचणीच्या भरवशावर ५,८०० रुपये खर्च करायला लावणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मामांनी प्रत्यक्ष तपासणी सुरू केली ती इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून. स्कॅनरवर त्यांनी सर्वांत आधी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) दाबाचा आकडा पाहिला. तो १०० किलोपास्कल होता. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो आणि मुंबई समुद्रसपाटीला असल्याने तो शंभराच्या आसपासच असायला हवा. म्हणजे दाबाच्या सेन्सरवर विश्वास ठेवता येईल, हे आधी ठरले. मग हवेच्या सेन्सरच्या कपलरमागून, वायरचे वेष्टन न सोलता, बारीक पिनांनी मीटर लावला. पुरवठ्याच्या वायरीवर १२.३ व्होल्ट म्हणजे बॅटरीइतकेच होते. अर्थिंगची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात ०.०३ व्होल्टचा फरक होता. तो दशांश व्होल्टच्या वर गेला असता तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे लागले असते, असे त्यांनी सांगितले. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की या वायरींच्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि सेन्सर चांगला असूनही आकडा चुकतो. आमच्या कपलरमध्ये गंज नव्हता. त्यांनी टॉर्चच्या उजेडात एकेक पिन पाहून खात्री केली.

यानंतर सिग्नलच्या वायरीवर मीटर लावला, तेव्हा १.१४ व्होल्ट आले. मामांनी मान हलवली आणि पिशवीतला जुना सेन्सर मागितला. तो बॉशचा एचएफएम-५ जातीचा होता. हवा अजिबात वाहत नसताना या सेन्सरने साधारण १ व्होल्ट दाखवावा अशी त्याची रचना असते. जुना सेन्सर जोडल्यावर आकडा १.०१ आला. म्हणजे काढून ठेवलेला सेन्सर निदान शून्याच्या मापाला बरोबर होता आणि नवा, कुठल्याही खात्रीच्या कंपनीचे नाव नसलेला सेन्सर हवा नसतानाही हवा आहे असे सांगत होता. तो खऱ्यापेक्षा जास्त हवा दाखवत असल्यामुळेच सहा आठवडे दिवा लागला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. मूळ दोष तसाच होता, फक्त तो सांगणारा बदलला होता. तो दोष आणखी वाढला, तेव्हा जास्त दाखवणाऱ्या सेन्सरलाही कमतरता लपवता येईना.

जुना सेन्सर बसवण्यापूर्वी मामांनी तो माझ्या हातात दिला आणि आतले जाळीमागचे अंग दाखवले. नखाच्या निम्म्या रुंदीची एक चकचकीत पातळ पट्टी, तिच्यावर तपकिरी धुळीची हलकीशी साय. ही पट्टी हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राखली जाते, तिच्यावरून जाणारी हवा तिची उष्णता पळवते, आणि पट्टीच्या अलीकडील व पलीकडील तापमानांतल्या फरकावरून किती हवा कोणत्या दिशेने गेली हे कळते. म्हणूनच धुळीचा थर बसला की ती हवेला कमी जाणते. त्यांनी या सेन्सरसाठीच मिळणारा फवारा दोन हात लांबून मारला आणि सेन्सर पंधरा मिनिटे कागदावर आपोआप वाळू दिला. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक साफ करण्याचा फवारा वापरणे, कापसाने पुसणे आणि कॉम्प्रेसरची हवा मारणे या तिन्ही गोष्टींनी ती पट्टी कायमची बाद होऊ शकते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचा प्रश्न त्यांनी सुरुवातीला का विचारला होता, तेही इथेच कळले. फिल्टरचे तेल उडून या पट्टीवर बसते आणि त्या तेलाला धूळ चिकटते. आमच्याकडे कागदी फिल्टरच होता, पण तो काळवंडलेला होता. भांडुपपासून घोडबंदरपर्यंत आमच्या रोजच्या वाटेवर मेट्रो ४ चे काम चालू होते, तेव्हा पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर फिल्टर बदला, हा त्यांचा सल्ला मी तेव्हापासून पाळतो.

खरी कसोटी यानंतर होती. सेन्सर स्वच्छ, वायरी नीट, फिल्टर नवा, तरीही गरम इंजिनाला रिकाम्या गतीवर (गाडी उभी, पाय न दाबता) एका स्ट्रोकला, म्हणजे सिलिंडर एकदा भरताना, ३९० मिलिग्रॅम हवा दिसत होती आणि कंट्रोल युनिटची अपेक्षा ५३० ची होती. मामांनी वहीवर गणित करून दाखवले. इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरांचे, म्हणजे एका सिलिंडरचा वाटा ५५० घनसेंटिमीटर. मुंबईच्या उकाड्यात एक लिटर हवेचे वजन साधारण १.१६ ग्रॅम, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तर सुमारे ६४० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात तो ऐंशी ते नव्वद टक्के भरतो, तेव्हा ईजीआर बंद असताना ५१० ते ५७० च्या दरम्यान आकडा यायला हवा. सेन्सरवर शंका घेण्यापूर्वी इंजिनाने किती हवा ओढायला हवी हे असे कागदावर काढता येते, हे मला माहीतच नव्हते. नववीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असा हा गुणाकार आहे, आणि त्याने माझा या गॅरेजवरचा विश्वास पक्का झाला.

तर मग ईजीआर बंद असण्याचा आदेश असताना दीडशे मिलिग्रॅम हवा कुठे जात होती? एक शक्यता अशी, की सेन्सर आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) यांच्यामधला पाइप चिरला असावा आणि हवा सेन्सरला चुकवून तिथून आत शिरत असावी. त्यासाठी त्यांनी इनटेकमध्ये यंत्राने हलक्या दाबाचा पांढरा धूर भरला. सेन्सरनंतरच्या पाइपातून कुठेही धूर आला नाही. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या पाइपाची एक क्लिप मात्र किंचित धुरकटली, ती त्यांनी वेगळे पैसे न घेता आवळून दिली. ती टर्बोनंतरची गळती होती. तिथून जोराखाली हवा बाहेर जाते, त्यामुळे दाब कमी पडतो, पण सेन्सरचा आकडा त्याने कमी होत नाही. आमच्या तक्रारीचे ते कारण नव्हते.

उरला ईजीआर व्हॉल्व्ह. आमच्या व्हॅनमधला हा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो आणि तो प्रत्यक्ष किती उघडा आहे हे सांगणारा वेगळा सेन्सर त्यावर नाही. कंट्रोल युनिट फक्त हवेच्या सेन्सरच्या आकड्यावरून त्याचा अंदाज घेते. म्हणून व्हॉल्व्ह अडकला तरी कोड येतो तो हवेच्या सेन्सरच्या नावाचा. मामांनी व्हॉल्व्हवरची व्हॅक्यूमची नळी काढली. व्हॉल्व्ह बंद होऊन आकडा वर यायला हवा होता, पण तो ३९० वरच राहिला. मग त्यांनी गॅसच्या वाटेत पातळ पत्र्याची एक प्लेट तात्पुरती घालून धुराचा रस्ता अडवला. इंजिन सुरू केल्याबरोबर स्कॅनरवरचा आकडा ५४० झाला. माझ्यासमोर, अवघ्या काही सेकंदांत, वर्षभराच्या तक्रारीचे उत्तर मिळाले होते.

व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा त्याच्या बसण्याच्या जागेत तुरीच्या डाळीएवढी कार्बनची एक कडक खपली अडकलेली होती आणि तिच्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. चढावर तर याचा दुहेरी फटका बसत होता, कारण टर्बोचे पाते फिरवण्यासाठी जो धूर लागतो, तोच या फटीतून आत पळत होता. त्यामुळे टर्बोचा दाब बसत नव्हता आणि हवा आणखी घटत होती. व्हॉल्व्ह द्रावणात भिजवून, खरवडून, हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तो उघडतो, धरतो आणि मिटतो हे पाहून नव्या गॅस्केटसह बसवला. ती पत्र्याची प्लेट तशीच राहू द्यावी असे काहीजण सांगतात, असे मी विचारले असता मामांनी स्पष्ट नकार दिला. प्रदूषण रोखण्यासाठी दिलेला भाग बंद करून गाडी द्यायची नाही, हा त्यांचा नियम आहे आणि मला तो पटतो. आमची गाडी लोकांच्या दारात, मंगल कार्यालयांच्या अंगणात उभी राहते.

शेवटी स्कॅनरवर आकडे नोंदवत सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलावर फेरी झाली. सकाळी आल्या आल्या याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन, इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना, सेकंदाला ६८ ग्रॅम हवा आणि १५५ किलोपास्कल दाब नोंदवला होता. दुरुस्तीनंतर तोच गिअर, त्याच फेऱ्या, आणि आकडे १०४ ग्रॅम व १९८ किलोपास्कल. तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी, म्हणून त्यांनी दुरुस्तीआधीची नोंद मुद्दाम करून ठेवली होती. पहिल्या गॅरेजात असे आधीचे आकडे कोणी घेतलेच नव्हते.

बिल असे झाले: तपासणी १,५००, ईजीआर काढून साफ करणे ३,२००, गॅस्केट ४५०, एअर फिल्टर ७००, एकूण ५,८५० रुपये. म्हणजे जवळजवळ तेवढेच, जेवढे नको असलेल्या सेन्सरवर गेले होते. तपासणीचे १,५०० रुपये दोष सापडो वा न सापडो द्यावे लागतात आणि ते आधीच सांगितले जाते. काहींना हे खटकेल. मला ते योग्य वाटले, कारण जिथे तपासणी फुकट असते तिथे कमाई सुटा भाग विकण्यातूनच करावी लागते.

उणिवाही सांगायला हव्यात. गल्ली इतकी अरुंद आहे की उंच टपाची व्हॅन आत घालताना ड्रायव्हरला दोनदा खाली उतरून तारा पाहाव्या लागल्या. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पंखा नाही. फोन मामा स्वतःच घेतात आणि हात कामात असले की घेत नाहीत, त्यामुळे वेळ ठरवायला मला तीन दिवस लागले. आकड्यांची नोंद वहीत होते आणि गिऱ्हाइकाला तिचा मोबाइलवर काढलेला फोटो मिळतो. नीट छापलेला अहवाल मिळाला असता, तर पहिल्या गॅरेजवाल्याकडे पैसे परत मागायला मला तो दाखवता आला असता. भारत स्टेज ६ या प्रदूषण-नियमांच्या गाड्यांचे काम ते सध्या मोजकेच घेतात. ज्यांची गाडी २०२० च्या एप्रिलनंतरची आहे त्यांनी आधी विचारूनच जावे.

डिसेंबरमध्ये लग्नसराईच्या आधी मी गाडी पुन्हा तिथे नेली. गरम इंजिन, रिकामी गती, ईजीआर बंद: ५४५ मिलिग्रॅम. ईजीआर उघडल्यावर २९०, आणि कंट्रोल युनिटची मागणीही तेवढीच. या वेळी पैसे घेतले नाहीत, दहा मिनिटांत मोकळे केले. तिथे जायचे असेल तर गाडी रिकामी करून, इंजिन पुरते गरम होईल इतकी चालवत न्यावी, दिवा लागला असेल तर कोड पुसून टाकू नये, कारण दिवा लागला त्या क्षणीच्या नोंदी त्याच्याबरोबर पुसल्या जातात, आणि आधी कोणी एखादा भाग बदलला असेल तर निघालेला जुना भाग सोबत घेऊन जावा.